वाटाड्या जॉन ऑटो

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या पश्चिम टोकाला ग्रँड जंक्शन नावाचे गाव आहे. गावाच्या नैऋत्येला तांबड्या वालुकाश्माचे उभे कडे, खोल घळी आणि एकाकी सुळके यांचा ओसाड प्रदेश पसरलेला आहे. येथे वर्षाकाठी जेमतेम 28 सेंटीमीटर पाऊस पडतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गावकरी हे कडे रोज दुरून पाहत. परंतु त्या घळींत उतरण्याचे कोणाच्या फारसे मनात येत नसे. तेथे जाण्याजोगी वाटच नव्हती. ती वाट जॉन ऑटो यांनी खोदली.

ऑटो यांचा जन्म 1870 साली मिसूरी राज्यातील मार्थाझव्हिल येथे झाला. तरुणपणी मिळेल ते काम करीत ते पश्चिमेकडे भटकले. मनात आलेला विचार थेट सत्ताधाऱ्यांना पत्राने कळवायचा, ही त्यांची जन्मभराची खोड. कोलोरॅडोच्या गव्हर्नरांना धाडलेल्या अशाच पत्रांमुळे त्यांना एकदा अटक झाली आणि त्यांचे डोके ठिकाणावर आहे की नाही, याची चौकशीही झाली. लोक त्यांना वेडा समजत. या वेडाने पुढे काय घडवले, हे पाहिले म्हणजे तो शब्द वापरताना जरा थबकावे लागते.

फ्रूटा या शेजारच्या गावासाठी डोंगरावरून पाण्याचा नळ आणण्याचे काम चालू होते. त्या कामावर मजूर म्हणून ऑटो या भागात आले. 1907 च्या सुमारास त्यांनी या घळी प्रथम पाहिल्या आणि ते तेथेच रमले. मॉन्युमेंट कॅन्यन नावाच्या घळीत त्यांनी तंबू ठोकला. सोबतीला ओझी वाहणारी गाढवे. बाकी माणूसकाणूस नाही.

वाळवंटातील कड्यावर पायवाट करणे म्हणजे नुसती झुडपे तोडणे नव्हे. प्रथम कड्यातील नैसर्गिक फटी व पायऱ्या हेरून चढ कोठून सोसवेल, हे ठरवावे लागते. मग पहार व घणाने खडकात भोके पाडायची, सुरुंग लावायचा, फुटलेले दगड हलवायचे आणि त्यांतलेच चांगले निवडून दरीकडच्या बाजूने चुन्याशिवाय बांध रचायचा. दगड दगडात नीट बसला नाही, तर पहिल्याच वळवात तो बांध वाहून जातो. कारण येथे पाऊस थोडा पडला तरी उन्हाळ्याच्या अखेरीस तो एकदम कोसळतो आणि कोरडी घळ पाहता पाहता दुथडी भरून वाहू लागते. म्हणून पाणी वाटेवरून न वाहता बाजूला निघून जावे, अशा बेताने दगडांच्या आडव्या ओळी बसवाव्या लागतात. उन्हाळ्यात खडक तापतो, हिवाळ्यात त्याच्या फटींतले पाणी गोठून दगड सुटतात. त्यामुळे दर हंगामाला वाट पुन्हा नीट करावी लागते. हे काम ऑटो वर्षानुवर्षे करीत राहिले. पैसे कमी पडले की ते गावात येऊन वर्गणी गोळा करीत.

हा प्रदेश सरकारने राखावा, यासाठी त्यांनी वॉशिंग्टनला पत्रांमागून पत्रे पाठवली. हळूहळू गावकरीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर 24 मे 1911 रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला आणि ऑटो यांची रखवालदार म्हणून नेमणूक झाली. पगार महिना एक डॉलर! त्या काळीही ही रक्कम नाममात्रच होती. ऑटो यांनी ती स्वीकारली आणि 1927 पर्यंत हे पद सांभाळले.

त्याच 1911 साली त्यांनी इंडिपेन्डन्स मॉन्युमेंट हा सुमारे 137 मीटर उंचीचा सुळका सर केला. खडकात भोके पाडून त्यांत लोखंडी नळ्या ठोकायच्या, मध्ये पायापुरत्या खाचा कोरायच्या आणि तसेच वर सरकायचे, अशी त्यांची रीत होती. 4 जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्या माथ्यावर त्यांनी राष्ट्रध्वज फडकवला. याच सुळक्याच्या पायथ्याशी 20 जून रोजी बिअट्रिस फार्नहॅम या चित्रकर्तीशी त्यांचा विवाह झाला होता. तो काही आठवडेच टिकला. घरदार हेच ज्याला ओझे वाटते, अशा माणसाबरोबर संसार करणे कोणालाही अवघडच गेले असते. दोष त्या बाईंना देता येत नाही.

1912 साली सर्पंट्स ट्रेल या वाटेचे काम सुरू झाले. सुमारे चार किलोमीटरची ही वाट नावाप्रमाणेच सापासारखी वळणे घेत कडा चढते. 1921 पर्यंत तिचे काम चालले आणि पुढे 1950 पर्यंत तिच्यावरून मोटारी जात असत.

कड्याच्या काठाने मोठा रस्ता व्हावा, हेही ऑटो यांचे स्वप्न होते. ते साकार होऊ लागले तेव्हा ते पदावर नव्हते. 1931 साली रिम रॉक ड्राइव्हचे काम सुरू झाले. महामंदीचा तो काळ. बेकार तरुणांना सरकारी योजनेतून या कामावर घेतले गेले. कडा फोडणे, बोगदे काढणे, कठड्यांसाठी दगड घडवणे हे सारे बहुतांशी हातांनीच झाले. डिसेंबर 1933 मध्ये सुरुंगाच्या कामावर कडा ढासळून नऊ मजूर प्राणास मुकले. सुमारे 37 किलोमीटरचा हा रस्ता 1950 साली पूर्ण झाला. आज प्रवासी तो तासाभरात पार करतात.

ऑटो तोवर कॅलिफोर्नियातील यरीका गावाच्या परिसरात जाऊन राहिले होते. तेथेच 1952 साली, दारिद्र्यात आणि एकाकी अवस्थेत, त्यांचा अंत झाला. इंडिपेन्डन्स मॉन्युमेंटवर त्यांनी कोरलेल्या खाचा मात्र बुजलेल्या नाहीत. गिर्यारोहक अजून त्याच खाचांत पाय रोवून वर जातात आणि 4 जुलैला माथ्यावर ध्वज लावतात.