अधुऱ्या हृदयाचा विक्रमवीर

अमेरिकी बास्केटबॉलपटू पीट मॅराविच (१९४७-१९८८) याने लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून, प्रशिक्षक असलेल्या वडिलांच्या हाताखाली खेळताना तीन मोसमांत ३,६६७ गुण नोंदविले. तेही तीन गुणांची रेषा अस्तित्वात नसताना! एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये १९७७ साली न्यू ऑर्लिन्स जॅझकडून न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ६८ गुण केले. विजेतेपदाने मात्र सदैव हुलकावणी दिली. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ मंदावला आणि १९८०मध्ये तो निवृत्त झाला. ५ जानेवारी १९८८ रोजी पॅसाडेना येथे हौशी खेळाडूंसमवेत खेळता खेळताच तो कोसळला. वय अवघे ४०. हृदयाला रक्त पुरविणारी डावी धमनी त्याला जन्मतःच नव्हती, हे शवविच्छेदनात उघड झाले. दहा वर्षे व्यावसायिक मैदान गाजवूनही ही उणीव कोणाच्या ध्यानी आली नव्हती.