सरखेल कान्होजी आंग्रे

बोरघाट चढून लोणावळ्यास आले म्हणजे वळवण गाव लागतो. तेथील धरण सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुमारे 300 वर्षांपूर्वी याच गावी आपल्या मावळातील एका पुरुषाच्या आयुष्यास वळण लागले, हे थोड्यांसच ठाऊक असेल. तो पुरुष म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे. त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

कान्होजींचा जन्म 1669 च्या सुमारास झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. मावळातील आंगरवाडी या खेड्यावरून ते आंग्रे म्हणविले गेले. अर्थात हे कूळ डोंगराचे, समुद्राचे नव्हे. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत असून सुवर्णदुर्गावर होते, व तेथेच कान्होजी लहानाचे मोठे झाले. परंपरा अशी सांगते की, सिद्दीने त्या दुर्गास वेढा घातला असता किल्लेदार फितूर होऊ लागला, तेव्हा या तरुणाने त्यास कैद करून दुर्ग राखिला. पुढे स्वतः शत्रूच्या हाती सापडूनही ते निसटून परत आले व पुन्हा तटावर उभे राहिले.

तथापि केवळ धाडसाने आरमार चालत नाही. वारा, भरती-ओहोटी, खडक व खाड्या यांचे ज्ञान किनाऱ्यावरील कोळी-भंडारी लोकांपाशी होते, आणि त्यांच्याच बळावर कान्होजींचे आरमार उभे राहिले. मोठ्या गुराबांवर तोफा असत. हलकी गलबते वल्ह्यांनी चालत व वारा पडला म्हणजे गुराबांस ओढून नेत. परक्यांची अवजड जहाजे अशा वेळी जागच्या जागी खिळून राहत, आणि मराठे त्यांच्या पिछाडीवर येऊन तोफा डागीत. 1698 मध्ये सिधोजी गुजर वारल्यावर आरमाराची मुख्य जबाबदारी कान्होजींवर आली. त्यांचे दस्तक घेतल्यावाचून कोणी व्यापारी जहाज जाऊ नये, असा त्यांचा आग्रह असे. इंग्रज त्यांस चाचे म्हणत; ते मात्र आपल्या राज्याच्या समुद्राचे रक्षक म्हणून वागत.

1713 मध्ये कान्होजी कोल्हापूरच्या पक्षास मिळून शाहू महाराजांविरुद्ध उठले. त्यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केले व लोहगड घेतला. पुण्याची वाट जणू मोकळी झाली होती. अशा वेळी नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी तलवारीपेक्षा बोलण्यावर भरवसा ठेविला, आणि 1714 मध्ये वळवण येथे तह झाला. कान्होजींनी शाहू महाराजांस धनी मानिले, पिंगळ्यांस सोडिले, व राजमाचीखेरीज जिंकलेले गड परत केले. त्यांस सरखेली व कोकणातील किल्ले कायम मिळाले.

जिंकलेला लोहगड स्वहस्ते परत देणे हे तो घेण्याहून कठीण काम होय, असे आम्हांस वाटते. सुवर्णदुर्गावरील तरुणास लढणे ठाऊक होते. पंचेचाळिशीच्या सरखेलास कोठे थांबावे हेही कळले. मनुष्याची वाढ होते ती अशी.

या तहाचे फळ लवकरच दिसले. इंग्रजांनी 1717 मध्ये विजयदुर्गावर व 1718 मध्ये खांदेरीवर हल्ले केले, दोन्ही फसले. 1721 मध्ये तर इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. त्या संकटात शाहू महाराजांची फौज कान्होजींच्या साहाय्यास धावली, व तीबरोबर बाळाजींचे पुत्र बाजीराव होते. पोर्तुगीजांनी तह केला आणि इंग्रजांस रिकाम्या हाती परतावे लागले. वळवणास वैर वाढविले असते, तर त्या दिवशी कुलाब्याच्या मदतीस कोण आले असते?

4 जुलै 1729 रोजी अलिबागेस कान्होजींचा अंत झाला. त्यांची समाधी तेथे आहे. मुंबईतील भारतीय नौदलाच्या एका तळास आंग्रे हे नाव आहे. आणि लोणावळ्यास 1945 पासून शिवाजी या नावाच्या नौदल संस्थेत जहाजांच्या यंत्रांचे शिक्षण दिले जाते. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात, खलाशी कसे घडतात, याचे नवल वाटणाऱ्याने आंगरवाडीच्या या घराण्याची आठवण करावी. जन्म कोठे झाला यापेक्षा मनुष्य किती काळ शिकत राहतो, याला अधिक मोल आहे.