डॉ. मारिया मॉन्टेसरी : आधी हाताला काम, मग शिस्त

वाचकहो, शाळेत शिस्त असावी याबद्दल कोणाचेच दुमत नाही. पालक शिस्त मागतात, मुख्याध्यापक शिस्त मागतात आणि आम्ही शिक्षकही वर्गात पाऊल टाकताच प्रथम तीच शोधतो. परंतु प्रत्येक वर्गात एखादे तरी मूल असे असते की ते आपल्या शिस्तीच्या चौकटीत बसत नाही. त्याला सांगितलेले कळत नाही, कळले तर टिकत नाही, आणि ते एका जागी दहा मिनिटेही बसत नाही. अशा मुलाचे आपण काय करतो, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

हा प्रश्न मला एका मुलाने शिकवला. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. त्यात सहा वर्षांचा एक मुलगा होता. घंटा झाली की तो कानांवर हात ठेवी, शेजाऱ्याची पाटी ओढी, मधूनच उठून दाराकडे धावे. मी प्रथम रागावलो, मग ओरडलो, आणि शेवटी त्याला व्हरांड्यात बसवू लागलो. वर्ग शांत झाला म्हणून मला बरेही वाटले. दिवाळीनंतर त्याची आई भेटायला आली. तिने सहज सांगितले की घरी तो आजीजवळ तास तासभर डाळ निवडत बसतो, जागचा हलत नाही. मी निरुत्तर झालो. घरी तासभर बसणारे मूल माझ्या वर्गात का बसत नव्हते? त्या सुट्टीत मी बी.एड.ची जुनी टिपणे काढली आणि ज्यांचे नाव आपण परीक्षेपुरते पाठ करतो, त्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे चरित्र पुन्हा वाचले. तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

बालपण आणि वैद्यकीय शिक्षण

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियाराव्हाल्ले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत होते, आई वाचनाची आवड असलेली होती. कुटुंब पुढे रोम शहरी आले. त्या काळी मुलींनी शिकून फार तर शिक्षिका व्हावे अशी समजूत होती. मारिया यांनी मात्र मुलांच्या तांत्रिक शाळेत नाव घातले आणि पुढे वैद्यकाचा अभ्यास करण्याचा हट्ट धरला. वडिलांचा विरोध होता, आईचा पाठिंबा होता. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत स्त्रीने शवविच्छेदन करणे अनुचित मानले जाई. त्यामुळे सर्व जण गेल्यावर, एकटीने, त्यांना ते काम करावे लागे. अशा रीतीने १८९६ साली त्या रोम विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

वेड्यांच्या इस्पितळातील मुले

पदवीनंतर त्या विद्यापीठाच्या मनोरुग्णांच्या विभागात काम करू लागल्या. त्या निमित्ताने त्यांना रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तेथे प्रौढ वेड्यांबरोबरच लहान मुलेही कोंडलेली असत. ज्यांना त्या काळी मंदबुद्धी म्हणत आणि आज आपण विशेष गरजा असलेली मुले म्हणतो, ती ही मुले. त्यांच्यासाठी शाळा नव्हती, म्हणून इस्पितळ होते.

असे सांगतात की एका ठिकाणी मुलांना सांभाळणाऱ्या बाईने तक्रार केली, ही मुले इतकी हावरट आहेत की जेवण झाल्यावर जमिनीवरचे पावाचे तुकडे वेचतात. डॉक्टरीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली. चार भिंतींत मुलांच्या हाती घेण्याजोगी एकही वस्तू नव्हती. ते तुकडे मुले खाण्यासाठी उचलत नव्हती, ती त्यांना चाचपून पाहत होती. पोट भरलेले होते, हात उपाशी होते. वाचकहो, त्या बाईने जे पाहिले तेच डॉक्टरीणबाईंनीही पाहिले. फरक पडला तो पाहण्यात.

आपल्या आधी या मुलांसाठी कोणी काही केले आहे काय, याचा त्यांनी शोध घेतला. फ्रान्समध्ये डॉ. इतार यांनी १८०० च्या सुमारास रानात सापडलेल्या एका मुक्या मुलाला कित्येक वर्षे शिकवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे शिष्य डॉ. सेगँ यांनी अशा मुलांसाठी शाळा काढून हात, डोळे आणि कान यांना वळण देणारी साधने तयार केली होती. जग या दोघांना जवळपास विसरले होते. मारिया यांनी त्यांचे ग्रंथ स्वहस्ते इटालियन भाषेत उतरवून काढले. शब्दन् शब्द मनात मुरावा, हा त्यामागील हेतू होता.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांना तयार करणारी एक संस्था निघाली. तिला जोडून मुलांची शाळा होती. डॉ. मॉन्टेसरी तिच्या संचालकांपैकी एक होत्या. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या स्वतः मुलांत असत आणि रात्री दिवसभराची टिपणे लिहीत. दोन वर्षांत काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी वाहवा केली. डॉक्टरीणबाईंना मात्र वेगळीच चिंता लागली. माझी ही मुले जर धडधाकट मुलांच्या बरोबरीला आली, तर धडधाकट मुलांना त्यांच्या शाळा इतके खाली का ठेवतात, असा प्रश्न त्यांना पडला.

या दिवसांत त्यांच्या स्वतःच्या जीवनात एक दुःख होते. १८९८ साली त्यांना मारिओ हा मुलगा झाला होता. विवाह झालेला नव्हता. समाजाच्या भीतीने ते मूल खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढवावे लागले. परक्यांची टाकलेली मुले कुशीत घेणाऱ्या या स्त्रीला स्वतःचे मूल कित्येक वर्षे अधूनमधूनच पाहता आले. पुढे मारिओ त्यांच्याजवळ आला आणि अखेरपर्यंत त्यांच्या कार्याचा आधार बनला.

बालगृह

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली मुले चाळीच्या भिंती खराब करीत, म्हणून मालकांना त्यांची सोय हवी होती. मुले पन्नासाहून अधिक, वये तीन ते सहाच्या आसपास, आणि शिकवायला प्रशिक्षण न घेतलेली एक साधी तरुणी. विशेष मुलांसाठी केलेली साधने डॉक्टरीणबाईंनी येथे आणून ठेवली आणि स्वतः बाजूला बसून पाहू लागल्या.

तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठे दट्टे बसवीत होती. बसवी, काढी, पुन्हा बसवी. तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, भोवती मुलांना गाणी म्हणायला लावली, तरी तिचे लक्ष ढळले नाही. चाळिसाहून अधिक वेळा ते काम केल्यावर ती आपण होऊन थांबली, आणि झोपेतून उठावी तशी प्रसन्न दिसली. आणखी एके दिवशी बाईंना यायला उशीर झाला आणि कपाटाला कुलूप घालायचे राहिले होते. मुलांनी आपापल्या आवडीची साधने काढून काम सुरू केले होते. हा त्यांना दंगा वाटला नाही, यात त्यांना निवड दिसली. तेव्हापासून कुलूपबंद कपाट गेले आणि मुलांच्या उंचीची उघडी मांडणी आली.

बक्षिसांचेही असेच झाले. एका मुलाला शाबासकीचे पदक मिळाले आणि दुसऱ्याला शिक्षा म्हणून वेगळ्या खुर्चीवर बसवले होते. पदकवाल्याला आपल्या कामात त्या पदकाची अडचण होऊ लागली, तेव्हा त्याने ते शिक्षा भोगणाऱ्याला देऊन टाकले. हळूहळू त्या घरातून बक्षीस गेले आणि शिक्षाही गेली.

वर्गाची घडी

येथे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी थोडे थांबावे, कारण शिस्त या घडीतून आली.

प्रत्येक वस्तूला एक ठरलेली जागा असे आणि काम संपले की ती तेथेच परत जाई. प्रत्येक साधन एकच असे, त्यामुळे दुसऱ्याचे होईपर्यंत थांबण्याची सवय आपोआप लागे. जमिनीवर काम करणाऱ्याला स्वतःची चटई असे, आणि तेवढी जागा त्याची. दिवसाच्या कामांत हात धुणे, केस विंचरणे, बटणे लावणे, पाणी न सांडता ओतणे, जागा झाडणे यांना अक्षरांइतकेच महत्त्व होते. जमिनीवर आखलेल्या रेषेवरून मुले सावकाश चालत, त्यामुळे धावरे पाय ताब्यात येत. सर्वांनी मिळून शांतता करण्याचा एक खेळ असे. खोली निःशब्द झाली की बाई दुसऱ्या खोलीतून एकेकाचे नाव हळूच घेत, आणि ज्याचे नाव येई तो चाहूल न लागू देता जाई.

शिकवताना बाईंनी थोडे बोलावे आणि हाताने करून दाखवावे, असा नियम होता. सेगँ यांची तीन पायऱ्यांची रीत त्यांनी उचलली. प्रथम हा लाल, हा निळा असे सांगायचे. मग लाल कोणता ते दाखवायला लावायचे. अखेरीस एक रंग समोर धरून त्याचे नाव विचारायचे. मूल चुकले तर नाही म्हणायचे नाही, पुन्हा केव्हातरी पहिल्या पायरीवर यायचे.

आणि दांडगाई करणारे मूल? त्याला प्रथम डॉक्टरांनी तपासावे, असे त्या सांगत. मग त्याला खोलीतच एका कोपऱ्यात आरामखुर्चीवर, इतर मुले काम करताना दिसतील अशा बेताने बसवीत. त्याला त्याची आवडती वस्तू देत आणि बाई त्याची आजाऱ्यासारखी विचारपूस करीत. दूर बसवणे येथेही होतेच, आणि त्याविषयी आज कोणी वेगळे मत देऊ शकेल. परंतु त्या मुलाला दाराबाहेर घालवलेले नव्हते. माझ्या व्हरांड्यात आणि त्या कोपऱ्यात हे अंतर होते, आणि ते वाचताना मला लाज वाटली.

भारतातील वर्षे

१९०९ साली त्यांचा पद्धतीवरील ग्रंथ निघाला आणि काही वर्षांतच त्यांचे नाव जगभर झाले. पुढे मुसोलिनीने आधी त्यांच्या शाळांना आश्रय दिला, पण मुले हुकूमशाहीच्या साच्यात घालायला बाई तयार होईनात. १९३४ साली त्यांच्या शाळा बंद झाल्या व त्यांनी देश सोडला. १९३९ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यार येथे आल्या. पहिल्याच वर्गाला तीनशेहून अधिक शिक्षक होते. १९४० साली इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिश सरकारने या मायलेकांना शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरवले. मारिओला आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी सरकारने त्याला सोडले. पुढे काही काळ दोघे कोडाईकनालला राहिले आणि अनेक भारतीय शिक्षकांना त्यांनी तयार केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये डॉ. मॉन्टेसरी यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ही साधने महाग, श्रीमंतांच्या मुलांची. त्याचे उत्तर आपल्या ताराबाई मोडक यांनी दिले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम करून त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. नंतर बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांत जाऊन बिया, शिंपले, पाने, माती यांचीच साधने केली. लाकडी दट्टे नसले म्हणून मॉन्टेसरी अडत नाही.

आपल्यापुरते

वाचकहो, १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी केली. परंतु दारातून आत आलेल्या मुलाच्या हाती काय द्यायचे, हे कोणताही कायदा सांगत नाही. ते शिक्षकानेच पाहायचे असते.

त्या मुलाला मी आत घेतले. एका डब्यात मूग, मटकी आणि चिंचोके मिसळून त्याच्यापुढे ठेवले आणि तीन वाट्या दिल्या. दाराबाहेरच्या चपला रांगेत लावण्याचे काम रोज त्याचे. घंटेच्या आधी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागलो, म्हणजे आवाज त्याला अचानक येत नसे. त्याच्या तपासणीविषयी आईशी बोललो. चमत्कार झाला नाही. गोंगाटाच्या दिवशी तो अजूनही पळे. पण वर्ष संपता संपता तो वीस मिनिटे बसू लागला आणि चिंचोके मांडून दहापर्यंत मोजू लागला. पहिल्या सहा महिन्यांत मात्र त्याने माझा वर्ग पाहिला नाही, व्हरांडाच पाहिला. ते महिने मी त्याला परत देऊ शकत नाही.

आपल्या घरात, मोहल्ल्यात, शाळेत असे एखादे मूल असेल. त्याला वाया गेलेले म्हणण्यापूर्वी एकदा त्याच्या खोलीकडे पाहावे, आणि तेथे त्याच्या हाताजोगे काही आहे काय, एवढे तपासावे, अशी माझी नम्र विनंती आहे.