विलायतेतून परागंदा झाले, गोव्यात मराठी शिकले अन् अकरा हजार ओव्या लिहून गेले : फादर स्टीफन्स यांची गोष्ट

वाशिम : आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. इथल्या वाकाटक राजा सर्वसेनानं महाराष्ट्री प्राकृतात हरिविजय नावाचं काव्य लिहिलं. तीच प्राकृत पुढे बदलत बदलत मराठी झाली. त्यामुळे भाषेचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्याला बोलायचा हक्क आहेच. पण मराठीसाठी झटलेल्या माणसांची नावं घेताना आपण ज्ञानोबा, एकनाथ, तुकोबा एवढ्यावर थांबतो. एक नाव शाळेच्या पुस्तकापुरतंच राहून जातं. ते नाव फादर थॉमस स्टीफन्स.

हा माणूस जन्मानं इंग्रज. विल्टशर भागातल्या बुश्टन या खेड्यात १५४९ च्या सुमारास जन्मला. बाप व्यापारी, घरचं बरं. त्याला गाव सोडून जायची काही गरज नव्हती. पण त्या काळात इंग्लंडमध्ये एक भांडण पेटलेलं होतं, ते आधी समजून घेतलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळत नाही.

ख्रिस्ती म्हटलं की आपल्याकडे सगळे एकच समजतात. तसं नाही. रोमच्या पोपला मानणारे ते कॅथलिक. पोपचा अधिकार झुगारून वेगळे झाले ते प्रॉटेस्टंट. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजानं १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडला. पुढे त्याची मुलगी एलिझाबेथ राणी झाली, तिच्या राज्यात प्रॉटेस्टंट चर्च हेच सरकारी चर्च. येशू तोच, बायबल तेच, पण जुन्या पद्धतीनं पूजा केली तर दंड, तुरुंग आणि पुढे पुढे तर फाशीसुद्धा. तिकडे युरोपातल्या कॅथलिक राजांच्या मुलखात प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळत होते. म्हणजे कोणीच कोणाला कमी नव्हतं. भावकीतलं भांडण परक्याशी झालेल्या भांडणापेक्षा जास्त चिवट असतं, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

थॉमस कॅथलिक. त्याचा एक जिवलग मित्र होता, थॉमस पाउंड. दोघांनी मिळून ठरवलं, रोमला जायचं आणि येशूसंघात दाखल व्हायचं. येशूसंघ म्हणजे कॅथलिक पाद्र्यांची एक शिस्तीची संघटना, तिच्या पाद्र्यांना जेझुइट म्हणतात. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला. त्यानं धर्म सोडला नाही आणि त्याची पुढची सुमारे तीस वर्षं या तुरुंगातून त्या तुरुंगात गेली. थॉमस एकटाच रोमला पोचला आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाला. दोन मित्रांपैकी एकाच्या नशिबी कोठडी आली, दुसऱ्याच्या नशिबी समुद्र.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बन बंदरातून पोर्तुगीज जहाजं निघाली, त्यातल्या एकावर तो होता. सहा महिन्यांहून जास्त पाण्यावर. आफ्रिकेला वळसा, वारा पडला की जहाज जागच्या जागी, हिरड्या सुजून माणसं आजारी. २४ ऑक्टोबरला गोवा. पोचल्यावर त्यानं बापाला एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यात समुद्र, मासे, पक्षी, वारे सगळ्याचं वर्णन आहे. ते पत्र पुढे इंग्लंडात छापलं गेलं. हिंदुस्थानात येऊन राहिलेला, ज्याची नीट नोंद आहे असा पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार याचंच नाव घेतात. ईस्ट इंडिया कंपनी त्यानंतर एकवीस वर्षांनी निघाली. आणि हा आला होता तो कायमचा. मायदेशी परत जायचा रस्ता बंदच होता, कारण तिथे जेझुइट पाद्री सापडला तर त्याची गत काय व्हायची हे १५८१ मध्ये दिसलं. एडमंड कॅम्पियन नावाच्या जेझुइटला त्या वर्षी लंडनमध्ये फासावर चढवलं.

आता त्यांच्या आयुष्यातला तो प्रसंग, ज्यासाठी मला ही गोष्ट सांगावीशी वाटली.

१५८३ च्या नोव्हेंबरात चार इंग्रज कैदी गोव्याच्या तुरुंगात येऊन पडले. जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. त्यांच्याजवळ एलिझाबेथ राणीचं अकबर बादशहाच्या नावचं पत्र होतं. होर्मुझ बंदरात एका इटालियन व्यापाऱ्यानं त्यांची चुगली केली की हे हेर आहेत. धंद्यातली चुरस, दुसरं काय! पोर्तुगीजांनी बेड्या घातल्या आणि गोव्याला पाठवलं. पोर्तुगीजांच्या नजरेत हे दुहेरी गुन्हेगार, एक तर परके व्यापारी आणि वरून पाखंडी राणीची प्रजा. गोव्यात तेव्हा इन्क्विझिशन म्हणजे धर्म तपासणारी कचेरी होती, तिच्या हाती कोणी लागला की सुटका कठीण.

फादर स्टीफन्स गोव्यात होते. ज्या राणीच्या राज्यात त्यांचा मित्र कोठडीत सडत होता, ज्या राज्यात त्यांच्या संघाच्या माणसाला दोन वर्षांपूर्वी फाशी दिलं होतं, त्याच राणीचं पत्र घेऊन आलेली ही माणसं. त्यांनी पाठ फिरवली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. उलट या कैद्यांशी जवळीक दाखवली तर त्यांच्यावरच संशय यायचा, कारण ते स्वतः इंग्रज. तरी ते गेले. फ्लेमिश मुलखातला एक जेझुइट आणि आर्चबिशपच्या कचेरीत काम करणारा लिन्स्कोटेन नावाचा डच तरुण, असे आणखी दोघं मदतीला होते. त्यांनी शब्द टाकला, जामिनाची सोय लावून दिली आणि २२ डिसेंबरला ते चौघं बाहेर आले. न्यूबेरीनं पुढे पत्रात कबूल केलं की हे पाद्री नसते तर आम्ही आतच कुजलो असतो.

यात सगळं निर्मळ होतं असं म्हणणार नाही. जेझुइटांना ही माणसं आपल्यात यावीत असं वाटत होतंच, आणि चित्रकार स्टोरी तर खरंच काही काळ त्यांच्यात जाऊन राहिला, चर्चमधली चित्रं रंगवली. बाकीच्या तिघांना वाटलं, हे जामिनाचं दोर कधी आवळतील सांगता येत नाही. १५८४ मध्ये ते गोव्यातून पळाले. विजापूर, गोवळकोंडा, बिदर करत उत्तरेकडे निघाले. आणि इथे आपला मुलूख येतो. फिचच्या प्रवासवर्णनात बिदरनंतर बाळापूरचं नाव आहे आणि त्यानंतर बुऱ्हाणपूरचं. बाळापूर म्हणजे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातलं. नकाशावर बिदर ते बाळापूर सरळ रेघ ओढून पाहा, ती हिंगोलीच्या बाजूनं येऊन रिसोड आणि मालेगावच्या मधून जाते. ज्यांना फादर स्टीफन्सनी तुरुंगातून सोडवलं, ती माणसं अशी वऱ्हाडातून अकबराच्या दरबाराकडे गेली. फिच १५९१ मध्ये घरी परतला आणि ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांनी त्याचा सल्ला घेतला. एका पाद्र्यानं केलेल्या उपकाराची गाठ कुठे जाऊन बसली पाहा!

फादर मात्र गोव्यातच राहिले. साष्टी तालुक्यात, मडगाव आणि राशोल परिसरात, जवळजवळ चाळीस वर्षं.

तो भाग तेव्हा शांत नव्हता. पोर्तुगीज सत्तेनं साष्टीतली देवळं १५६० च्या दशकात पाडली होती, लोकांचे जुने ग्रंथ काढून घेतले होते. त्याची आग लोकांच्या पोटात होती. १५ जुलै १५८३ ला कुंकळ्ळी गावात लोकांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून बोलावलं आणि दगा करून मारलं. फादर स्टीफन्स याच सत्तेच्या छत्राखाली काम करत होते, हे लपवून त्यांचं चरित्र सांगता येणार नाही. कैद्यांसाठी धावलेला माणूस आणि देवळं पाडणाऱ्या राज्यातला पाद्री, दोन्ही एकच. वाचणाऱ्यानं दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावं.

आता भाषेचं. तिशी गाठलेला माणूस, आणि शिकायचं काय, तर कोकणी अन् मराठी. छापील व्याकरण नाही. ट आणि त, ड आणि द, न आणि ण यातला फरक इंग्रजी जिभेला कळत नाही, ळ तर विचारूच नका. चार वर्षांत, म्हणजे १५८३ मध्ये, त्यांनी आपल्या भावाला पत्रात कळवलं की इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते. हीच गोष्ट विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशानं कलकत्त्यात १७८६ मध्ये सांगितली आणि जगभर नाव झालं. फादरच्या पत्राकडे कित्येक शतकं कोणाचं लक्षच गेलं नाही.

पैठणात एकनाथ महाराज तेव्हा हयात होते. मराठीत ओवीची वाट चांगली रुळलेली होती. साष्टीत नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांपुढे एक अडचण होती. जुनी पुराणं हातातून गेली, मग रविवारी, सणासुदीला ऐकायचं काय? त्यांनी पाद्र्यांकडे मागणी केली की आम्हाला आमच्या भाषेत पुराण द्या. फादरनी ती मनावर घेतली. बायबलमधली सृष्टीच्या आरंभापासूनची कथा पहिल्या भागात आणि येशूचं चरित्र दुसऱ्या भागात, असं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण त्यांनी रचलं. एकूण ९५ अध्याय. रचना आपल्या पुराणासारखीच, श्रोता शंका विचारतो आणि पाद्री उत्तर देतो. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही.

भाषा मराठी, पण त्यात कोकणी शब्द त्यांनी मुद्दाम मिसळले. शुद्ध मराठी साष्टीतल्या साध्या माणसाला जड जाईल हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आपण नाही का सभेत मराठी बोलता बोलता वऱ्हाडीवर येतो, लोकांच्या चटकन ध्यानात यावं म्हणून? तसंच ते. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी मराठीचं कौतुक केलंय, रत्नं, फुलं, सुगंध, पक्षी यांच्या उपमा देऊन. मराठी दिनाच्या भाषणांत त्या ओव्या हमखास ऐकायला मिळतात, बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं नाव घाईत उरकून.

चिकाटी कुठे दिसते, तर छपाईत. गोव्यात छापखाना होता, पण खिळे रोमन लिपीचे. फादरची इच्छा होती की पुस्तक इथल्या लिपीत निघावं. १६०८ मध्ये त्यांनी रोमला संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून परवानगी मागितली. अडचणही सांगितली. युरोपात दोन डझन अक्षरांत भागतं, इकडे काना-मात्रा-वेलांट्या धरून सहाशेच्या आसपास साचे लागतात, ते दोनशेपर्यंत खाली आणता येतात. हिशेब मांडून दिला, पण खिळे काही आले नाहीत. तेव्हा त्यांचं वय साठीला टेकलं होतं.

ते अडून बसले नाहीत. १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच छापून निघालं, पण उच्चार बिघडू दिला नाही. त्यात रोमन एन दोनदा लिहिला की ण वाचायचा, एल दोनदा लिहिला की ळ. आज आपण मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो तेव्हा न आणि ण एकच करून टाकतो, बाण आणि बान यातला फरक वाचणाऱ्यानं अंदाजानं काढायचा. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजानं याची काळजी घेतली होती.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. वय सत्तरच्या घरात. त्यांच्या मागून १६२२ मध्ये धर्मशिक्षणाचं त्यांचं कोकणी पुस्तक छापून निघालं आणि १६४० मध्ये कोकणी भाषेचं व्याकरण. भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं, म्हणजे लोक वाचत होते, ऐकत होते.

मग वारं फिरलं. २७ जून १६८४ ला पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या भाषा शिकण्यात एका पाद्र्यानं आयुष्य घातलं, त्या बोलणंच सरकारला खुपायला लागलं. लोकांनी घरात बोली सोडली नाही, पण पुस्तकं हळूहळू दिसेनाशी झाली. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ वाचला तो हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. मंगळूरला १९०७ मध्ये जोसेफ साल्डाना यांनी अशा पोथ्यांवरून तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. देवनागरीतली एक हस्तलिखित पोथी लंडनच्या ग्रंथालयात सापडली.

आणि १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी अख्खं ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून काढलं. फादरनी खिळ्यांसाठी पत्र धाडलं होतं १६०८ मध्ये. मधे ३४८ वर्षं गेली.