संताजींची वही

आपलं हॉस्टेल ज्यांच्या नावाच्या नगरात आहे, त्या तुकोबांना कोण ओळखत नाही? पण त्यांचे अभंग वहीत उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज आपल्याला किती माहीत असतात? आपण इंडस्ट्रियल व्हिजिटला जातो ते चाकण, हेच त्यांचं गाव.

संताजींचा जन्म १६२४ चा मानतात. घरचा धंदा तेलाच्या घाण्याचा. हिशेबापुरतं लिहायला-वाचायला शिकले, असं सांगतात. पुढे तुकोबांचं कीर्तन ऐकलं आणि ते त्यांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक झाले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तेव्हा लोकांच्या तोंडचे अभंग गोळा करून संताजींनी ते पुन्हा लिहिले, असंही परंपरा सांगते.

मित्रांनो, मला यातला लिहिणारा माणूस मोठा वाटतो, आणि त्याचं कारण चक्क एक्सेल आहे! सीएसव्ही फाईल नुसती डबल क्लिक करून उघडा. रोल नंबर ००७ चा होतो ७. ३-४ लिहिलं असेल तर त्याची तारीख होते. सोळा आकडी नंबरातला शेवटचा आकडा शून्य होतो. मग तो कॉलम नंतर टेक्स्ट करून काही उपयोग नाही, गेलेलं परत येत नाही. म्हणून फाईल इम्पोर्ट करतानाच तो कॉलम 'टेक्स्ट' आहे असं सांगायचं, आणि मूळ फाईल तशीच जपून ठेवायची.

अभंगांचंही तसंच झालं असतं. तोंडातून तोंडी जाताना शब्द बदलतात, नकल करणारा आपल्या मते सुधारणा करतो. पण संताजींच्या वह्या राहिल्या. सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, १९१९-२० मध्ये, वि. ल. भावे यांनी त्यावरून तुकोबांचा 'अस्सल गाथा' छापला, तोही पदरचं शुद्धलेखन न घालता. मी कॉन्व्हेंटमधली, ऱ्हस्व-दीर्घाची मला कायम धास्ती. त्यामुळे जुनं लिखाण दुरुस्त करायचा मोह आवरणाऱ्या माणसाचं मला जास्तच कौतुक वाटतं. दुरुस्ती करणारे नंतर कितीही भेटतात. मूळ वही असेल तरच त्यांची दुरुस्ती तपासता येते.

संताजींची समाधी सुदुंबरे गावात आहे. ८ डिसेंबरला त्यांची जयंती असते. पुढच्या व्हिजिटला चाकणला गेलात, तर तिथेही जाऊन या.