लॉरा ब्रिजमन : बोटांनी बोललेली एक बहीण

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात, हॅनोव्हर गावच्या एका शेतकऱ्याच्या घरी लॉरा ब्रिजमन हिचा जन्म २१ डिसेंबर १८२९ रोजी झाला. ती दोन वर्षांची असता त्या घरात कठीण ताप शिरला. त्याने तिची भावंडे नेली आणि तिची दृष्टी, श्रवण व गंध ही हरण केली. रुचीही जवळजवळ गेली. एक स्पर्श तेवढा उरला.

डोक्यावर थोपटले म्हणजे शाबासकी आणि पाठीवर थोपटले म्हणजे नाराजी, असे घरच्यांचे तिच्याशी बोलणे असे. शेजारचा आसा टेनी हा साधाभोळा गृहस्थ मात्र तिचा हात धरून तिला रानात व ओढ्याकाठी नेई आणि तिच्या हातखुणा समजून घेई.

१८३७ साली डॉ. सॅम्युएल हाउ यांनी तिला बॉस्टन येथील अंधशाळेत आणिले. चमचा, सुरी, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावून तिची बोटे त्यांवरून फिरविली जात. प्रथम ती केवळ अनुकरण करी. पण पुढे एके दिवशी, या खुणांनी आपल्या मनातील गोष्ट दुसऱ्यास कळविता येते, हे तिला उमगले व तिचा चेहरा उजळला. मग तिची शिक्षिका मिस ड्रू ही स्वतः बोटांची वर्णमाला शिकून आली आणि तिच्या हातात बोलू लागली.

शिक्षण संपल्यावर लॉरा घरी गेली. तेथे अन्न होते, माया होती. पण कामाच्या रगाड्यात तिच्या हातात बोलण्यास कोणास सवड नव्हती. ती खंगत चालली, तेव्हा तिला पुन्हा शाळेत आणावे लागले. १८६२ साली तिने बाप्तिस्मा घेतला. वृद्धपणी तिचा सहवास लाभलेल्या अ‍ॅन सुलिव्हन हिने तीच हस्तभाषा १८८७ साली हेलन केलर हिला शिकविली. २४ मे १८८९ रोजी लॉरा प्रभूमध्ये निद्रिस्त झाली.

उपदेशक बंधूंनो, प्रभूने बहिऱ्या मनुष्यास गर्दीतून एकीकडे नेऊन आपल्या बोटांनी स्पर्श केला. आपणही घरोघर भेटीस जाता. जो कोणी तेथे कोपऱ्यात निःशब्द पडून असेल, त्याच्यापाशी बसा, त्याचा हात हाती घ्या आणि त्याच्या खुणा त्याच्या सेवा करणाऱ्यांकडून शिकून घ्या. पोटास भाकर मिळूनही लॉरा खंगली, हे विसरू नका.