वासुदेव बळवंत गोगटे

वासुदेव बळवंत गोगटे (१९१० – १९७४) हे भारतीय क्रांतिकारक, वकील आणि हिंदू महासभेचे नेते होते. मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावरील हल्ल्यामुळे ते ‘हॉटसन गोगटे’ या नावाने ओळखले जात.

पार्श्वभूमी

महात्मा गांधींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापुरात उठाव झाला व सरकारने तेथे लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. सोलापुरातील या दडपशाहीचा सूड घेणे हा गोगटे यांचा हेतू होता.

हॉटसन यांच्यावरील हल्ला

२२ जुलै १९३१ रोजी हॉटसन पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले असता तेथील विद्यार्थी गोगटे यांनी रिव्हॉल्वरमधून अगदी जवळून गोळ्या झाडल्या. रिव्हॉल्वरमधील काडतुसे फिरत्या कप्प्यात असतात. एखादे फुसके निघाले, तरी चाप पुन्हा ओढताच पुढचे समोर येते. त्यामुळे हे शस्त्र भरवशाचे व टिकाऊ मानले जाई. परंतु येथे शस्त्राच्या दर्जापेक्षा योगायोग निर्णायक ठरला. गोळी हॉटसन यांच्या खिशातील टिपणवहीच्या धातूच्या बटणावर अडली आणि ते बचावले. गोगटे यांना जागीच पकडण्यात आले.

शिक्षा व उत्तरायुष्य

गोगटे यांना आठ वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९३७ मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे त्यांनी वकिली केली आणि पुण्याचे महापौरपदही भूषविले.